उपाशीपोटीचा आकडा

बोट पुढे करताना म्हातारा नेहमी मान वळवून गोठ्याकडे बघायचा. "सुईला भीत नाही मी," म्हणायचा, "पण आपलंच रक्त आपण कशाला बघावं?" सून त्याच्या बोटाचा शेंडा ओल्या कापसाने पुसायची, वाळू द्यायची आणि कडेला टोचायची. मधोमध कधीच नाही. मधोमध टोचलं की दिवसभर विळ्याच्या मुठीखाली ठणकत राहतं. लग्नाआधी दोन वर्षं ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिथे हजारो बोटं तिच्या हाताखालून गेली होती, पण इतकी जाड कातडी तिने कुणाचीच पाहिली नव्हती.

पट्टीने थेंब ओढून घेतला. यंत्र पाचापासून उलटं मोजत खाली आलं.

"एकशे चार, आबा."

"मोठ्याने सांग की. आत चुलीपाशी कुणाला ऐकायचं असेल."

"एकशे चार, आई!"

आतून नुसतं भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"महिन्यापूर्वी साखर दोनशे बारा होती," म्हातारा दाराकडे तोंड करून म्हणाला. "गोळ्या गिळत होतो तेव्हा दोनशे बारा! आता गोळी बंद, आणि एकशे चार. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

गोळ्या गिळत होता हे अर्धंच खरं होतं. चार दिवस आठवणीने, तीन दिवस विसरून, अशी त्याची गोळी चालायची. त्यातच तेलवाला आला. तालुक्याच्या रस्त्याला त्याचा घाणा होता, लोणच्यात घालतात त्या कलौंजीच्या काळ्या बियांचं तेल काढून बाटल्या भरायचा. त्याने पत्रक दिलं. पत्रकात एकोणीस आजारांची यादी होती, केस गळण्यापासून दम्यापर्यंत, आणि साखर तिसऱ्या नंबरला. म्हाताऱ्याने ते दोनदा वाचून घेतलं. नंतर गोळ्यांचं पाकीट सासूच्या अंगावर टाकून म्हणाला, "उकिरड्यावर टाक. शेतात औषध उभं आहे आणि मी दुकानातली खडूची भुकटी खातो!"

औषध खरंच शेतात उभं होतं. सगळ्यांचा विरोध असताना त्याने यंदा सबंध तुकड्यात कलौंजी पेरली होती. थंडीत निळसर पांढऱ्या फुलांनी रान भरून गेलं तेव्हा विरोध करणारेही बांधावर थांबून बघायचे. आता फुलं गेली होती, शिंगं फुटलेली बोंडं पिवळी पडत होती. आणि गरम वारा सुटला होता. बोंड पिकलं की वाऱ्याने उकलतं, उकललं की बी मातीत. हातात पाच-सहा दिवस होते. मुलगा कापणीच्या मशिनवर मुलूखभर फिरत होता, मजूर मिळत नव्हते. विळे तीनच होते: म्हातारा, सासू आणि सून.

"भुकटी दे," म्हातारा म्हणाला.

सून स्वयंपाकघरात गेली. तिने खलबत्ता घेतला, पेरणीतून उरलेलं चमचाभर बी टाकलं. भुकटी रोजची रोज कुटायची, हा तिचाच नियम. बियांतलं तेल दोन तऱ्हेचं असतं, हे तिने वाचलं होतं. बियांच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त असतं ते जड, स्थिर तेल, इतर तेलबियांत असतं तसंच. आणि शंभरात एखादा भाग असतो उडून जाणारं. गुण म्हणून जो काही सांगतात तो मुख्यतः या एका भागात, त्यातल्या थायमोक्विनोन नावाच्या द्रव्यात. कुटून उघडं ठेवलं की ते वाऱ्यावर जातं, तापवलं की जातं. कुठल्या बियांत ते किती असेल हेही सांगता येत नाही. जमीन बदलली की बदलतं, कापणी लांबली की बदलतं.

गोळीचं मात्र सांगता येतं. तिने दाराकडे पाठ केली, ब्लाउजमधून कागदाची पुडी काढली आणि छोटी पांढरी गोळी बियांत टाकली. चार घाव घातले. काळ्या, तिखट वासाच्या भुकटीत पांढरं काही उरलं नाही. इतका कडवट जिन्नस दुसरा कुठला, की ज्यात काहीही मिसळलं तरी जिभेला कळू नये?

जुनी चिठ्ठी दाखवून तिने औषधाच्या दुकानातून नवं पाकीट आणलं होतं. पंचवीस दिवस झाले. दोनशे बाराची साखर रोज न चुकता गोळी पोटात गेल्यावर उतरणारच होती. आबा बियांचा गुण गातात तर गाऊ देत. जीव वाचल्याशी कारण. असं ती स्वतःला सांगायची आणि चोराच्या मनात चांदणं तसं तिला खलबत्त्याचा आवाज नको तितका मोठा वाटायचा.

सासू दूध गाळत होती. "झालं का गं? ते खोळंबलेत."

"झालं, आई."

म्हाताऱ्याने भुकटी तोंडात टाकली, तोंड वेडंवाकडं केलं, वरून सासूने दिलेलं दूध प्यायलं आणि तिघं शेतात गेली.

*

कलौंजी सकाळच्या दंवात कापायची. दंव असतं तोवर बोंड मिटून राहतं. ऊन चढलं की विळ्याच्या झटक्यानेही उकलतं. म्हणून नऊ-साडेनवापर्यंत वाकलेली कंबर सरळ करायची नाही. मग पेंढ्या उचलून झाडाखालच्या ताडपत्रीवर सावलीत पसरायच्या. म्हातारा सर्वांत पुढे. जेवणाला बोलावलं तर "या ओळीनंतर" म्हणायचा, आणि ती ओळ संपायची नाही.

तिसऱ्या सकाळी यंत्राने अठ्ठ्याऐंशी दाखवले.

"ऐंशीत आलो!" म्हातारा खूश झाला. सून झाली नाही. तिने त्या दिवशी गोळीचे दोन तुकडे केले, अर्धाच कुटला. कामाने उतरली असेल, पोटात कमी जातंय, असा तिने हिशेब मांडला. अर्ध्या गोळीने उद्या आकडा वर यायला हवा.

दुसऱ्या दिवशी आकडा एकोणऐंशी.

ती यंत्राकडे बघत राहिली. पट्टी बदलून पुन्हा टोचलं. ब्याऐंशी. म्हणजे यंत्र खोटं बोलत नव्हतं. औषध अर्ध्यावर आणलं आणि साखर खालीच चालली होती. बियांनीच हे केलं म्हणावं, तर एक चमचा बियांत एवढं बळ असल्याचं तिने कुठे वाचलं नव्हतं. तिला आठवलं, लॅबमधले साहेब म्हणायचे, आकडा समजेनासा झाला की आपल्याला न दिसणारं काहीतरी त्यात आहे असं समजा. पण काय?

त्याच दिवशी दुपारी शिवणवाली आली. चार घरं सोडून तिचं दुकान होतं, गावभरचे कपडे शिवायची. स्वतः जाडजूड, बसली की उठताना दोन्ही हात टेकायची. तिलाही साखर होती, म्हाताऱ्याहून जुनी. तिने म्हाताऱ्याचा सदरा पुढे ठेवला. तेलवाल्याने शेतकऱ्यांचा मेळावा ठेवला होता, तिथे म्हाताऱ्याने उभं राहून आपली साखर कशी उतरली ते सांगायचं होतं. त्यासाठी नवा सदरा.

"घालून बघा, नवरदेव," ती म्हणाली.

"मापात चूक असली तर तुझ्याच नावाने बोंब मारीन मेळाव्यात."

"मारा. तेवढंच माझ्या दुकानाचं नाव होईल." मग तिने सुनेकडे पाहिलं. "मी पण चालू केली गं. दोन चमचे, सकाळ-संध्याकाळ. गोळ्या सोडल्या. आज सहावा दिवस."

सुनेच्या हातातला पेला हातातच राहिला.

"सगळ्या सोडल्या?"

"सगळ्या. ह्यांचं बघितलं आणि म्हटलं, आपणच काय घोडं मारलंय? पायाला मुंग्या येतात जरा. सुरुवातीला यायच्याच ना, आबा?"

"मला नाही आल्या," म्हातारा म्हणाला. "पण तू वजनदार माणूस. तुझ्या साखरेला लांबून उतरावं लागतं."

शिवणवाली खो खो हसली. सासू दाराआड उभी होती. ती हसली नाही, हे सुनेच्या ध्यानात आलं, पण तेव्हा तिने त्याचा अर्थ लावला नाही.

संध्याकाळी उजेड असतानाच ती शिवणवालीच्या दुकानात गेली. मशिन चालू होतं. भिंतीशी दोन गिऱ्हाइकं बसली होती.

"मावशी, गोळ्या एकदम सोडू नका. बी खा हवं तर. पण गोळ्या चालू ठेवा."

मशिन थांबलं. "का गं? तुझ्याच यंत्राने आकडा दाखवला ना?"

"आबांचं वेगळं आहे."

"काय वेगळं? त्यांना शिंगं आहेत का?" गिऱ्हाइकं हसली. शिवणवालीने दोरा दाताने तोडला. "सासऱ्याच्या वेळी मोठ्याने ओरडतेस, एकशे चार, एकशे चार, सगळ्या आळीला ऐकू जातं. आणि माझी वेळ आली की वेगळं. मी परकी म्हणून?"

सांगायचं ते सुनेच्या जिभेवर आलं होतं. पण गिऱ्हाइकं होती, सासऱ्याची लाज होती, मेळावा दोन दिवसांवर होता. "तसं नाही, मावशी," एवढंच ती म्हणाली. परत येताना तिला वाटलं, एकाला वाचवायला टाकलेली गोळी दुसऱ्याच्या तोंडातली गोळी काढून घ्यायला निघाली. मेळावा झाला की सांगू, असं तिने ठरवलं.

*

मेळाव्याच्या दिवशी तेलवाला दहाला जीप घेऊन येणार होता. तोवर शेवटचा पट्टा कापून टाकू, म्हणून म्हातारा उजाडताच तयार. आकडा शहात्तर. सुनेचा हात गोळीवर थांबला. नको टाकायला. पण एकदम थांबवली आणि आकडा उसळला तर? आज, सगळ्यांसमोर? तिने अर्धी टाकली.

वारा सकाळपासूनच गरम होता. दंव पडलंच नव्हतं. विळा लावला की बोंडांतून बी खुळखुळत मातीत जायचं. म्हातारा दात चावून कापत होता. न्याहारी झाडाखाली फडक्यात तशीच होती.

"अहो, दोन घास खा," सासू म्हणाली.

"बी चाललंय मातीत, आणि घास काय खा!"

नवाच्या सुमाराला सुनेने पाहिलं, की तो ओळ सोडून तिरका चाललाय. कापलेली मूठ पेंढीवर न ठेवता मागे टाकतोय. विळा एकदा नुसत्याच हवेत फिरला.

"आबा?"

"कुणी लावली ही ओळ वाकडी?" तो ओरडला. शब्द जिभेला चिकटून येत होते. "कुणी लावली? निघा माझ्या रानातून! सगळे चोर!"

सदऱ्याची पाठ ओली झाली होती. उन्हाचा घाम कपाळावर आधी येतो. याच्या कपाळावर, ओठांवर, हातांच्या मागे, सगळीकडे गार पाणी फुटलं होतं. सुनेने त्याच्या हातातला विळा काढून घेतला. त्याने तिच्या खांद्यावर बुक्की मारली आणि मग त्याचे गुडघेच दुमडले.

"आई, साखर! चहाच्या डब्यातली!"

यंत्र तिने ओच्यात आणलं होतं. का आणलं, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आकडा अडतीस. सासूने साखरेचं पाणी केलं आणि ओतायला वाकली. सुनेने तिचा हात धरला. "ओतू नका, श्वासनळीत जाईल. गिळतायत का बघू द्या." तिने बोटाने ओली साखर त्याच्या हिरड्यांवर, गालाच्या आत चोळली. पुन्हा चोळली. बऱ्याच वेळाने घसा हलला. मग घोटघोट.

तेलवाल्याची जीप बांधाला लागली तेव्हा म्हातारा डोळे उघडून आभाळाकडे बघत होता आणि कोण कुठला ते त्याला ठाऊक नव्हतं. तेलवाल्याने इस्त्रीच्या बाह्या वर केल्या आणि एका बाजूने त्याला उचललं.

जीपमध्ये मागे सासूच्या मांडीवर म्हाताऱ्याचं डोकं होतं. सून पायांशी. तेलवाला आरशातून मागे बघत होता. "असं कसं झालं? नुसत्या बियांनी असं होत नाही हो. मी इतक्या लोकांना देतो."

सून म्हणाली, "नुसत्या बिया नव्हत्या. गोळी मी घालत होते. भुकटीत. रोज."

जीप एका खड्ड्यातून गेली. सासूने म्हाताऱ्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं.

"तू?" ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "अगं, मग मी दुधात घालत होते ती?"

"कुठली?"

"त्यांनी टाकून दे म्हणालेलं पाकीट. टाकवलं नाही गं माझ्याने. ते संपलं तेव्हा दवाखान्यातून आणलं. म्हटलं, दुधात कळत नाही."

एकाच स्वयंपाकघरात, एकमेकींकडे पाठ करून, दोघी महिनाभर एकच काम करत होत्या. यंत्र खरं बोलत होतं, न दिसणारं होतं ते तीन हात अंतरावर दूध गाळत होतं.

*

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं आणि दोघींना बाहेर बोलावलं. त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळे जास्त लागलं.

"या गोळीचा असर बराच वेळ राहतो. आत्ता साखर वर येईल, दोन तासांनी पुन्हा घसरेल. उद्यापर्यंत इथेच ठेवायचं, तासातासाला बघायचं." मग सुनेला म्हणाल्या, "तुम्ही लॅबमध्ये होतात ना? दोन पट औषध, वर उन्हात उपाशी काम. आणि कलौंजी. तिनेही थोडी उतरते, काही चाचण्यांत दिसलंय. पण ते गोळ्यांच्या जोडीला, थोडंसं. गोळीच्या जागी नाही. आणि जोडीला घेतली तर डॉक्टरला सांगून. सांगून, बाई. एवढाच शब्द तुम्ही दोघी विसरलात."

रात्रभर तासातासाला बोट टोचलं गेलं. सकाळी म्हातारा पूर्ण शुद्धीवर होता. सुनेने त्याच्या समोर उभं राहून सगळं सांगितलं. आपलं आधी, सासूचं नंतर. आणि शिवणवालीचंही. सासू पदराला पीळ घालत होती.

म्हातारा सुई लावलेल्या हाताकडे बघत होता. आज त्याने मान फिरवली नव्हती.

"म्हणजे बियांनी काही केलं नाही."

"थोडं केलं असेल, आबा. किती ते आता सांगता येत नाही. आम्ही सगळं एकात एक केलं."

"आणि मी आळीभर आकडा सांगत फिरलो. गाढवासारखा." त्याने उशीला पाठ टेकली. "आजपासून तुम्हा दोघींच्या हातचं काही घेणार नाही मी."

दुपारी सोडलं. गावात उतरल्यावर म्हातारा घराकडे वळला नाही. चार घरं पुढे गेला, पावलं जपून टाकत, हातावर चिकटपट्टी तशीच. सून मागे चार हात अंतरावर. मशिनचा आवाज थांबला.

"अगंबाई, आबा! कसे आहात? मेळावा राहिला म्हणे."

दुकानात पाच-सहा बायका होत्या. म्हातारा उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"इथेच घेतो मेळावा," तो म्हणाला. "मी गोळी सोडली नव्हती. मला ठाऊक नव्हतं. घरच्या बायका मला दोन-दोन चारत होत्या. भुकटीत एक, दुधात एक. आकडा गोळ्यांचा होता."

एक बाई हसली आणि लगेच गप्प झाली. शिवणवालीचा चेहरा आधी हसरा होता, मग नव्हता.

"मग बी?"

"बी आहे. बी चांगलंच आहे, माझ्या रानातलं आहे. पण तुझ्या गोळ्या कुठे आहेत?"

"आहेत कपाटात. घेते मी नंतर."

"आत्ता घे."

"अहो, गिऱ्हाईक आहे..."

"मी उभा आहे."

तो खरंच उभा राहिला. चौकटीला हात लावून, किंचित डुलत, ऊन डोक्यावर. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शिवणवाली दोन्ही हात टेकून उठली, कपाट उघडलं, पाणी ओतलं. सून पुढे झाली, न विचारताच तिने यंत्र काढलं. शिवणवालीने बोट दिलं. आकडा तीनशे एकवीस. या वेळी तो कुणी मोठ्याने वाचला नाही. सून तिच्या कानाशी म्हणाली, "एकच गोळी घ्या, नेहमीची. आणि आजच डॉक्टरीणबाईंकडे चला, मी येते बरोबर." शिवणवालीने गोळी जिभेवर ठेवली आणि म्हाताऱ्याकडे रोखून बघत गिळली.

"झालं समाधान?"

"नाही," म्हातारा म्हणाला आणि वळला.

*

दुसऱ्या दिवशी उरलेल्या पट्ट्यात काही राम नव्हता. निम्मी बोंडं फुटून रिकामी झाली होती, त्यांत वारा वाजत होता. ताडपत्रीवरच्या पेंढ्या मात्र वाळल्या होत्या. म्हाताऱ्याने सकाळी स्वतःच चूल पेटवून स्वतःचं दूध तापवलं, करपवलं आणि तसंच प्यायलं. डॉक्टरीणबाईंनी चार दिवस गोळी बंद ठेवायला सांगितली होती. न्याहारी त्याने फडक्यातून स्वतः सोडून खाल्ली, पोटभर, दोघींकडे पाठ करून.

मग तिघं झोडणीला बसली. सासू पेंढी फिरवायची, म्हातारा आणि सून समोरासमोर काठीने मारायची. काळं बी ताडपत्रीवर उडत होतं, हातांना, पापण्यांना चिकटत होतं. तो तिखट वास नाकात भरला होता. तेच ते उडून जाणारं तेल, सुनेच्या मनात आलं, आत्ता आपल्यासमोर उडून जातंय. ती काठी मारत होती आणि नजर त्याच्या कपाळावर होती. घाम येत होता. कपाळावर आधी आला होता की सगळीकडून एकदम? काठी बरोबर त्याच जागी पडत होती की इंचभर बाजूला?

"बघत बसू नकोस," म्हातारा खाली मान घालूनच म्हणाला. "काम कर."

ती काम करू लागली. दहा-वीस घाव पडले. मग त्याची काठी थांबली.

"आणि बघायचंच असेल तर विचार. तोंड दिलंय ना देवाने?"

सासूचे हात पेंढीवर थबकले.

"चक्कर येते का, आबा?"

"नाही."

काठ्या पुन्हा पडायला लागल्या. वारा झाडातून खाली आला, भुसा उडाला. पेंढी संपली, सासूने दुसरी ओढली. सून मनात शंभरापर्यंत मोजत होती. शंभर झाले.

"आता?"

"नाही," म्हातारा म्हणाला. आणि थोड्या वेळाने, काठी न थांबवता, "हात जरा कापतोय. उन्हाने असेल."

सासू पेंढी टाकून उठली. सुनेने काठी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "बोट द्या."